एअर रायफलच्या सिंथेटिक दस्त्याला घरी रंग देताना: प्लास्टिक ओळखण्यापासून निशाणा पुन्हा जुळवेपर्यंत

रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी माळ्यावर तीन पावसाळे काढलेली एअर रायफल मी खाली उतरवली, तेव्हा तिचा दस्ता, म्हणजे हाताने धरून खांद्याला टेकवायचा प्लास्टिकचा भाग, हाताला चक्क चिकटला. कारखान्यातून येताना त्यावर मऊ, रबरासारखा लागणारा काळा थर होता. तो आता ओल्या गुळासारखा झाला होता आणि त्यात बोटांचे ठसे, धूळ आणि एक मेलेला डास असे सगळे रुतून बसले होते. असा मऊ थर बहुधा पॉलियुरेथेनचा असतो आणि दमट हवेतल्या बाष्पाने त्याच्या रेणूंच्या साखळ्या वर्षानुवर्षे तुटत जातात. जुन्या दुर्बिणींवर, टॉर्चवर आणि छत्र्यांच्या मुठींवरही हाच प्रकार दिसतो. थराखालचा दस्ता मात्र ठणठणीत होता. तो फेकून नवा आणण्याऐवजी त्याला नीट रंग द्यावा असे ठरवले, आणि त्या कामात जे शिकलो, जे चुकलो, ते क्रमाने पुढे मांडतो आहे.

घरातले कपाट किंवा खिडकीचे गज रंगवण्याचा अनुभव येथे फारसा उपयोगी पडत नाही. कपाटाला दिवसातून चार वेळा हात लागतो. दस्त्याला मात्र घामेजलेला तळहात, डोक्याला लावलेले खोबरेल घेऊन टेकणारा गाल आणि वाळूच्या पिशवीवर घासणारा पुढचा भाग यांचा त्रास तासन्‌तास सोसावा लागतो. रंग सुटतो तो गालाखाली, मुठीत आणि पुढच्या टेकणीवर. या तीन जागी जो रंग टिकेल तो बाकी सगळीकडे आपोआप टिकतो, म्हणून पुढची प्रत्येक पायरी याच तीन जागा डोळ्यांसमोर ठेवून करावी.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करतो. हा लेख स्प्रिंग-पिस्टन पद्धतीच्या, नळी खाली वाकवून ताणल्या जाणाऱ्या एअर रायफलबद्दल आहे. भारतात ४.५ मिलिमीटर म्हणजे ०.१७७ इंच व्यासाच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलसाठी शस्त्रपरवाना लागत नाही, त्यामुळे घरी असे काम करणाऱ्यांच्या हाती बहुधा हीच असते. परवान्याच्या बंदुकीचा सिंथेटिक दस्ताही याच रीतीने रंगवता येतो; फक्त शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचे नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह पुसणे, काढणे वा बदलणे हा गुन्हा आहे, हे लक्षात ठेवून अशा कोणत्याही खुणेजवळ पॉलिश पेपरही नेऊ नये आणि रंगही जाऊ देऊ नये.

सुटे करणे

रायफल ताणलेली नाही आणि नळीत छर्रा नाही याची खात्री नळी उघडून, डोळ्यांनी पाहून करावी. त्यानंतर दस्ता सोडवावा. बहुतेक स्प्रिंग रायफलींत पुढच्या भागाच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू आणि ट्रिगर गार्डजवळ एक किंवा दोन स्क्रू असतात. ते काढले की लोखंडी भाग अख्खाच्या अख्खा वर उचलून निघतो. एवढ्यावर थांबावे. लोखंडी भागाची मागची टोपी, पिन किंवा स्प्रिंग यांना हात लावण्याचे काही कारण नाही. रिकाम्या रायफलीतही स्प्रिंग थोडी दाबलेलीच बसवलेली असते आणि ती निसटली तर हाताची बोटे जायबंदी होतात. सुटा झालेला लोखंडी भाग हलके तेल लावून, जुन्या धोतरात किंवा चादरीत गुंडाळून, रंगकामाच्या खोलीबाहेर ठेवावा. स्क्रू एका डबीत ठेवताना कोणता कुठला हे कागदावर लिहून ठेवावे, कारण पुढचे आणि मागचे स्क्रू अनेकदा सारख्या आट्यांचे पण वेगळ्या लांबीचे असतात.

मागचे रबरी पॅड काढताना त्याचे स्क्रू दिसत नाहीत. रबरात दोन बारीक चिरा असतात आणि स्क्रू त्यांच्या आत खोल बसलेले असतात. फिलिप्स स्क्रूड्रायव्हरच्या दांडीला भांडी घासायच्या साबणाचे बोट फिरवून मग तो चिरेत सरळ घालावा, म्हणजे रबर फाटत नाही. पट्टा अडकवण्याच्या कड्या, ट्रिगर गार्ड सुटा असल्यास तो, आणि गालाखालची उंची बदलणारा तुकडा असल्यास तोही काढावा.

कोणते प्लास्टिक?

येथे घाई केली तर पुढचे सगळे कष्ट वाया जातात. दस्ते मुख्यतः तीन प्रकारच्या प्लास्टिकचे येतात: काचतंतू मिसळलेले नायलॉन, एबीएस, आणि पॉलिप्रॉपिलीन. नायलॉनचा मान जुना आहे. रेमिंग्टन कंपनीने १९५९ मध्ये डु पाँटच्या झायटेल नायलॉनचा दस्ता असलेली नायलॉन ६६ ही रायफल बाजारात आणली आणि लाकडावाचून बंदूक होऊ शकते हे लोकांना पटले. स्वस्त एअर रायफलींत मात्र पॉलिप्रॉपिलीनही भरपूर वापरले जाते, आणि रंगवणाऱ्याची खरी गाठ त्याच्याशीच पडते. या प्लास्टिकला रंग धरत नाही. त्याच्या पृष्ठभागाची ऊर्जा इतकी कमी असते की रंग त्यावर पसरण्याऐवजी स्वतःशीच गोळा होऊ पाहतो. कमळाच्या पानावर पाणी ठरत नाही, साधारण तोच प्रकार.

पॅड काढल्यावर दस्त्याच्या मागच्या पोकळीत किंवा लोखंडी भाग बसतो त्या खोबणीत टॉर्च मारून पाहावे. साच्यातच उठवलेली अक्षरे सापडली तर काम सोपे होते: पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, पीए म्हणजे नायलॉन, पुढे जीएफ आणि ३० असा आकडा असेल तर त्यात ३० टक्के काचतंतू. अक्षरे नसतील तर खोबणीच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेवरून ब्लेडने नखाएवढी साल काढावी. अख्खा दस्ता पाण्यात बुडवून काही कळत नाही, कारण आत पोकळी असते. सालीचे मात्र कळते. साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात ती दाबून सोडली आणि वर तरंगली, तर ते पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन, कारण साध्या पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९ च्या आसपास असते. एबीएस १.०४ आणि नायलॉन १.१४ घनतेचे, त्यामुळे दोन्ही बुडतात. टाल्कसारखी भुकटी मिसळलेले पॉलिप्रॉपिलीनही बुडू शकते, म्हणून केवळ या परीक्षेवर विसंबू नये.

दुसरी परीक्षा वासाची. तीच साल चिमट्यात धरून, घराबाहेर मोकळ्यावर, काडीच्या ज्योतीवर धरावी आणि विझवून हाताने वारा घालत दुरूनच वास घ्यावा. मेणबत्ती विझल्यावर येतो तसा वास आला तर पॉलिप्रॉपिलीन. केस जळाल्यासारखा वास आला तर नायलॉन. काळा, काजळीचा धूर आणि नाकाला झोंबणारा वास आला तर एबीएस. माझी साल पाण्यात रेंगाळत बुडाली आणि मेणाचा वास देऊन गेली. म्हणजे भुकटी मिसळलेले पॉलिप्रॉपिलीन. दस्त्यावरून नख ओढल्यावर लागणारा मेणचटपणाही तेच सांगत होता.

या उत्तरावर पुढची खरेदी ठरते. पॉलिप्रॉपिलीन असेल तर चिकटपणा देणारा प्लास्टिक प्रायमर घ्यावाच लागतो, ज्याला मोटारींचे बंपर रंगवणारे नुसते ‘प्लास्टिक प्रायमर’ म्हणतात. तो पारदर्शक आणि पाण्यासारखा पातळ असतो. मोटारींचे बहुतेक बंपरही याच जातीच्या प्लास्टिकचे असल्यामुळे कोणत्याही शहरातल्या मोटार-रंगाच्या दुकानात तो सहज मिळतो. हार्डवेअरच्या दुकानात मात्र बहुधा मिळत नाही. नायलॉन आणि एबीएसला त्याच्यावाचूनही चालते, पण एबीएसवर अ‍ॅसिटोन आणि जहाल थिनर कधीही वापरू नये, पृष्ठभाग विरघळून लिबलिबीत होतो.

चिकट थर आणि तेल काढणे

चिकट झालेला थर काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरते. कापडाचा बोळा भिजवून एका वेळी तळहाताएवढा भाग ओला करावा, दोन मिनिटे थांबावे आणि मग जुन्या टॉवेलच्या खरखरीत तुकड्याने रगडावे. काळा लगदा निघतो. तो बोळ्यावरून पुन्हा दस्त्यावर फासला जाऊ नये म्हणून चिंध्या भराभर बदलाव्यात. मला या कामाला दोन संध्याकाळी आणि एक अख्खी जुनी बेडशीट लागली. मुठीवरच्या खवल्यांच्या नक्षीत अडकलेला थर टूथब्रशने काढावा. तारेचा ब्रश घेऊ नये, नक्षीची टोके तुटतात.

थर निघाला म्हणजे दस्ता स्वच्छ झाला असे नाही. स्प्रिंग रायफलीच्या संपीडन कक्षात, म्हणजे पिस्टन हवा दाबतो त्या नळकांड्यात, अनेक जण सिलिकॉन तेलाचा थेंब सोडतात, आणि ते तेल खोबणीतून झिरपत दस्त्याच्या कडांवर येते. रंगाचा याहून मोठा वैरी नाही. कारखान्यात साच्यातून दस्ता सुटावा म्हणून वापरलेल्या पदार्थातही बहुधा सिलिकॉनच असते. त्यामुळे क्रम असा ठेवावा: प्रथम कोमट पाणी आणि भांड्यांचा द्रव साबण घेऊन हिरव्या घासणीने सगळा दस्ता आतून-बाहेरून घासावा, भरपूर पाण्याने धुवावा, वाळवावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. पुसताना दोन कापडे हातात ठेवावीत. ओल्या कापडाने पुसलेले अल्कोहोल उडून जाण्याआधीच कोरड्या कापडाने टिपून घ्यावे, नाहीतर विरघळलेले तेल पुन्हा त्याच जागी बसते.

गाल टेकतो ती जागा तीनदा पुसावी. खोबरेल तेल आणि घाम यांचे तेथे वर्षानुवर्षांचे पुट असते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. त्यानंतर त्या जागेवर स्वच्छ पाणी शिंपडून पाहावे. पाण्याचा सलग पापुद्रा पसरला तर ठीक. पाणी फाटून थेंब-थेंब झाले तर तेथे अजून ओशटपणा आहे. पॉलिप्रॉपिलीनवर मुळातच पाणी पसरत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत ही परीक्षा घासून झाल्यावर करावी आणि इतर जागांशी तुलना करूनच निष्कर्ष काढावा. यापुढे दस्त्याला उघड्या हातांनी शिवू नये. नायट्राइलचे हातमोजे घालावेत.

नायलॉनच्या दस्त्याबाबत आणखी एक. नायलॉन पाणी पिते. साधे नायलॉन-६ पूर्ण भिजले तर वजनाच्या ९ टक्क्यांच्या आसपास पाणी शोषते. काचतंतूंचे नायलॉन त्याहून कमी पिते आणि धुण्याने दस्ता काही पूर्ण भिजत नाही, पण पावसाळ्यात धुतलेला नायलॉनचा दस्ता पंख्याखाली दोन दिवस वाळू द्यावा. घाईने रंगवला तर पुढे ऊन लागल्यावर फोड येतात.

घासणे आणि लांबी (पुट्टी) भरणे

दस्त्याच्या वरच्या आणि खालच्या कडेने साच्याच्या दोन भागांची शिवण जाते. ती पॉलिश पेपरने घासत बसण्याऐवजी आधी कटरचे ब्लेड पृष्ठभागाला काटकोनात धरून हलक्या हाताने ओढावे. कापायचे नसते, खरवडायचे असते. बारीक भुसा निघू लागला की धार बरोबर लागली आहे असे समजावे. शिवण समतल झाल्यावर २२० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात बुडवून सगळा दस्ता घासावा, मग ४००. विजेवर चालणारा सँडर येथे लावू नये, उष्णतेने प्लास्टिक वितळून पेपरलाच चिकटते.

पॉलिप्रॉपिलीन घासताना त्याला केस फुटतात. चकाकी जाते, पण जागोजाग बारीक तंतू उभे राहतात आणि जितके जोराने घासावे तितके ते वाढतात. तेथे २२० वापरूच नये. करड्या रंगाची बारीक घासणी साबणाच्या पाण्याबरोबर गोल-गोल फिरवावी आणि चमक गेली की थांबावे. उरलेला एखादा तंतू ताज्या ब्लेडने छाटावा. काचतंतूंचे नायलॉन कोरडे घासल्यास काचेची धूळ उडते आणि दिवसभर मनगटे खाजतात, म्हणून ते पाण्यातच घासावे आणि मास्क लावावा.

मुठीजवळ किंवा जाड भागावर साच्यात थंड होताना पडलेले उथळ खळगे असतात. लाकडाची किंवा भिंतीची लांबी येथे निरुपयोगी. बंपरसाठी मिळणारी, दोन घटक मिसळून करायची लवचीक लांबीच वापरावी, आणि पॉलिप्रॉपिलीन असेल तर लांबीच्या आधीही प्लास्टिक प्रायमरचा हात द्यावा. खळगा फार खोल नसेल तर तो तसाच सोडण्याचा मी सल्ला देईन. मॅट रंगाखाली तो दिसत नाही आणि जाड लांबी हा पुढे तडा जाण्याचा हमखास मुहूर्त असतो. जुनी नावे, खोल ओरखडे मात्र भरून घ्यावेत.

काय रंगवू नये

खोबणीच्या आतली बाजू, लोखंडी भाग टेकतो त्या जागा आणि स्क्रूच्या डोक्याच्या बैठका यांच्यावर रंगाचा थेंबही जाऊ नये. स्प्रे रंगाचे तीन-चार हात आणि त्यावर संरक्षक थर मिळून सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडी होते. ही जाडी ऐकायला क्षुल्लक वाटते, पण स्क्रूच्या बैठकीत असलेला रंग रायफलीच्या दणक्यांनी दबत जातो, स्क्रू ढिले पडतात आणि छर्रे कागदावर विखुरतात. मग लोक रायफलीवरच्या दुर्बिणीला दोष देतात.

खोबणी वर्तमानपत्राच्या घट्ट वळकट्यांनी भरावी, कडांना रंगाऱ्यांची कागदी टेप लावावी आणि कड नखाने दाबून बसवावी. स्क्रूच्या भोकांत इअरबडचे कापूस किंवा कागदाच्या गुंडाळ्या घालाव्यात. मुठीवरची नक्षी झाकायची की रंगवायची हा आपल्या आवडीचा प्रश्न असला, तरी न रंगवलेली नक्षी पकडीला नेहमी चांगली, आणि घामाने पहिला पोपडा जेथे उडणार ती जागाच त्यामुळे रंगाबाहेर राहते. मी ती झाकली.

जागा, हवा आणि सावधगिरी

स्प्रेच्या डब्यातला वायू बहुधा स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचा ज्वालाग्राही असतो. गॅसची शेगडी, देवघरातली समई, उदबत्ती, मच्छर मारायची विजेची बॅट, गीझर, यांतले काहीही त्या खोलीत किंवा शेजारी चालू असता कामा नये. साधा एन-९५ मास्क धूळ अडवतो, थिनरची वाफ नाही. सेंद्रिय वाफांसाठीची काडतुसे, म्हणजे फिल्टरच्या डब्या, असलेला अर्धमुखी मास्क घ्यावा. मोटारींसाठीचे हार्डनर मिसळलेले पॉलियुरेथेन रंग सर्वांत टिकाऊ असतात यात शंका नाही, पण त्यांतल्या आयसोसायनेट या रसायनाने फुप्फुसाला कायमची इजा होऊ शकते आणि त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. ते काम घरी करू नये. पाहिजेच असेल तर तयार केलेला दस्ता बंपर रंगवणाऱ्याकडे नेऊन द्यावा. तसेच भट्टीत भाजायचे सिरॅमिक थर: त्यांतले काही १२१ अंश सेल्सिअसला दोन तास भाजावे लागतात, आणि त्या उष्णतेत एबीएस किंवा पॉलिप्रॉपिलीनचा दस्ता वाकतो. घरच्या ओव्हनचा विचारही करू नये.

हवेचे म्हणाल तर कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम काढूच नये. आर्द्रता ७० टक्क्यांवर गेली की उडणाऱ्या थिनरमुळे थंड झालेल्या पृष्ठभागावर बाष्प जमते आणि काळा रंग दुधी होतो. रंगकामातला ठोकताळा असा आहे की वस्तूचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअस वर असावे. देशावर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळी अकरा ते दुपारी तीनची वेळ उत्तम. संध्याकाळी दिवा लावून रंगवू नये. दिव्याचे किडे ओल्या रंगावर येऊन बसतात, आणि माझ्या पहिल्या दस्त्यात एक अजूनही आहे.

फ्रिजचे मोठे खोके आडवे ठेवून एक बाजू उघडी केली की छान मांडव होतो. मागच्या स्क्रूच्या भोकातून तार ओवून दस्ता कपडे वाळत घालायच्या काठीला असा टांगावा की तो हात न लावता फिरवता येईल.

हात मारणे

डबा हलवताना आतली गोळी वाजू लागल्यापासून पुढे पूर्ण दोन मिनिटे हलवावा. थंडीत डबा कोमट पाण्यात पाच मिनिटे ठेवला तर फवारा बारीक पडतो. पाणी हाताला सोसेल एवढेच गरम असावे, कारण असा डबा ५० अंशांच्या वर तापला तर फुटू शकतो.

पॉलिप्रॉपिलीनवर प्रथम प्लास्टिक प्रायमरचे दोन अगदी पातळ हात द्यावेत. तो जाड दिला तर अधिक चिकटतो असे वाटते, पण घडते उलटे, कारण तो थर स्वतःच मऊ असतो आणि जाडी वाढली की मधूनच फाटतो. डब्यावर सांगितलेल्या वेळेच्या आत, बहुधा दहा-पंधरा मिनिटांत, त्यावर पुढचा हात पडला पाहिजे. संध्याकाळपर्यंत तसाच ठेवला तर पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर करड्या अस्तराचे, म्हणजे रंगाखाली द्यायच्या थराचे, दोन हात. अस्तर वाळल्यावर सगळे दोष उघडे पडतात, ते ६०० नंबरच्या पेपरने घासून दुरुस्त करावेत; प्लास्टिक उघडे पडले तर तेवढ्या भागाला प्रायमर पुन्हा द्यावा.

रंगासाठी अ‍ॅक्रिलिक मॅट स्प्रे घ्यावा. अस्तर, रंग आणि वरचा पारदर्शक थर एकाच कुळातले असणे फार महत्त्वाचे आहे. सिंथेटिक इनॅमलवर जहाल थिनरचा लॅकर मारला की खालचा थर उकळल्यासारखा सुरकुततो. नोझल २० ते २५ सेंटिमीटरवर ठेवावे, दस्त्याच्या बाहेर दाबायला सुरुवात करावी, एका लयीत दस्त्यावरून हात न्यावा आणि बाहेर गेल्यावरच बोट उचलावे. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याला अर्धा झाकेल असा असावा. आधी कोपरे रंगवावेत: ट्रिगरमागची बगल, मुठीची आतली वळणे, अंगठ्याचे भोक असल्यास त्याच्या कडा, मग सपाट बाजू, कारण कोपरे शेवटी करू गेल्यास सपाट भागावर कोरडी भुकटी बसते. पहिला हात धुक्यासारखा, आरपार दिसेल इतका पातळ. दहा मिनिटांनी दुसरा. तिसऱ्या हाताला रंग झाकला जावा. ओघळ आला तर ओला असताना त्याला शिवू नये. दुसऱ्या दिवशी ब्लेडने खरवडून घासावा.

एकाच रंगाला कंटाळत असाल तर कांद्याच्या जाळीदार पिशवीचा उपयोग करता येतो. खाकी रंग पूर्ण एक दिवस वाळू द्यावा, त्यावर जाळी ताणून बसवावी आणि शेणाच्या किंवा गडद हिरव्या रंगाचे तुटक फवारे मारावेत. जाळी उचलली की सापाच्या कातीसारखी नक्षी उमटते. लष्कराच्या गणवेशाची नक्कल मात्र करू नये. एअर रायफल घेऊन सोसायटीच्या जिन्यातून उतरणाऱ्या माणसाकडे तसेही लोक वळून पाहतात; त्यांना आणखी कारण देण्यात अर्थ नाही. मला विचाराल तर फिकट करडा रंग सर्वांत शहाणा: मे महिन्याच्या उन्हात काळ्या दस्त्यावर गाल ठेवून पाहिला की हे पटते.

शेवटी मॅट पारदर्शक थराचे दोन हात, आणि गालाखाली, मुठीच्या मागे व पुढच्या टेकणीवर तिसरा. चकाकणारा थर घेऊ नये, गालाखालून येणारी चमक डोळ्यांत जाते.

माझा पहिला प्रयत्न का फसला

माझा पहिला प्रयत्न गालाच्या जागीच फसला. रंगाचा दुसरा हात पडताच तेथे मसुराएवढी गोल वर्तुळे उघडू लागली, मधोमध अस्तर दिसत होते आणि कडेने रंगाची वळी झाली होती. रंगारी याला फिश आय म्हणतात. मी घाबरून त्यावर आणखी रंग मारला, वर्तुळे मोठी झाली. कारण दुसऱ्या दिवशी लक्षात आले: अस्तर घासल्यावर दस्ता ज्या मऊ फडक्याने पुसला होता, त्यानेच महिन्यापूर्वी मी नळीचे सिलिकॉन तेल पुसले होते, आणि मधल्या काळात पत्नीने ते धुऊन घडी करून ठेवले होते. धुतल्याने ते गेले नाही. तेथला रंग वाळू देऊन अस्तरापर्यंत घासून काढला, नवी चिंधी फाडली, तीनदा पुसले आणि पुन्हा सुरुवात केली. तेव्हापासून या कामाच्या चिंध्या मी वेगळ्या, नव्या कोऱ्या सुती कापडाच्या फाडतो.

वाळवणे, परीक्षा आणि जोडणी

हाताला कोरडा लागणारा रंग आतून ओला असतो. टेप शेवटच्या हातानंतर अर्ध्या-एक तासात, रंग पूर्ण कडक होण्याआधी, पृष्ठभागाकडे दुमडून हळू ओढावी. दुसऱ्या दिवशी ओढली तर कडेने पोपडा निघतो. मग दस्ता आठ दिवस पंख्याच्या वाऱ्यावर, उन्हाबाहेर टांगून ठेवावा. बंदुकीचे तेल किंवा नळी साफ करायचे द्रावण तीन आठवडे त्याच्या जवळ नेऊ नये.

रबरी पॅडखाली झाकल्या जाणाऱ्या मागच्या कडेवरही रंग मुद्दाम दिलेला असावा, कारण परीक्षा तेथेच घ्यायची. आठ दिवसांनी त्या जागी ब्लेडने दोन-दोन मिलिमीटर अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या चिरा द्याव्यात, वर चिकटपट्टी घट्ट दाबावी आणि झटक्यात ओढावी. पंचवीस चौकोनांपैकी कोपरे थोडे उडाले तर चालते; अख्खे चौकोन पट्टीबरोबर आले तर रंग गालाखाली महिनाभरही राहणार नाही, आणि तो आताच काढून प्रायमरपासून सुरुवात करणे शहाणपणाचे.

जोडताना स्क्रूच्या बैठका कोरड्या आणि रंगविरहित आहेत हे पाहावे. पुढचे दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे-थोडे आवळावेत, एक पूर्ण आणि मग दुसरा असे नाही. स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून लावायचे निळे द्रावण एबीएसवर ओघळले तर त्याला बारीक तडे जातात, म्हणून ते सुईच्या टोकाएवढेच, लोखंडी आट्यांवर लावावे आणि सांडलेले लगेच टिपावे.

त्यानंतर १० मीटरवर कागद लावून निशाणा पुन्हा जुळवावा. दस्ता काढून बसवला की स्प्रिंग रायफलीचा मारा थोडा सरकतोच. पहिल्या पन्नास छर्‍यांनंतर स्क्रू एकदा तपासावेत, शंभरानंतर पुन्हा. माझा डावीकडचा स्क्रू पन्नासाला पाव फेरा फिरला, शंभराला हललाही नाही. उरलेला थोडा रंग डब्यातून नेलपॉलिशच्या रिकाम्या, थिनरने धुतलेल्या बाटलीत फवारून ठेवावा. पुढच्या टेकणीवर पहिला ओरखडा वर्षभरात पडतोच, आणि तेव्हा तोच रंग दुकानात मिळेल याची खात्री नसते.